चला, गर्दी बघून येऊ

पावसाळ्यातल्या कुठल्याही सोमवारी, कुठल्याही कचेरीत चहाच्या वेळी कान देऊन उभं राहावं. "काल सगळे मिळून लोणावळ्याला गेलो होतो. काय गर्दी, काय गर्दी! घाटातच तीन तास अडकलो." बोलणं तक्रारीचं असतं, पण बोलणाऱ्याचा चेहरा तक्रारीचा नसतो. तो लढाईवरून परतलेल्या माणसाचा असतो, आणि लढाईही जिंकलेली. ऐकणारे लगेच आपापले तास पुढे करतात. आम्ही चार तास, आमचे साडू पाच तास, आणि साडूंच्या शेजाऱ्यांनी तर म्हणे गाडीतच डबे उघडले. अशा बैठकीत एखादा भाबडा म्हणून गेला, की "आम्ही गेलो तिथे चिटपाखरू नव्हतं, अगदी शांत," तर क्षणभर सगळे त्याच्याकडे बघतात आणि मग कोणीतरी काळजीने विचारतं, "का हो, रस्ता खराब आहे का तिकडे?" मराठी कुटुंबाच्या सहलींबद्दल जे काही कळायचं ते या दोन उत्तरांत कळतं. आपला समज असा, की आपण शनिवार-रविवारी निसर्गाकडे जातो आणि दुर्दैवाने तिथे गर्दी असते. मला उलटं वाटतं. आपण गर्दीकडे जातो आणि सुदैवाने तिथे थोडाफार निसर्गही असतो. वर्षभराच्या आपल्या सहली या मोटारीने केलेल्या जत्रा आहेत. सहल म्हणून हिशेब मांडला तर प्रत्येक खेप बुडीत खात्यात जाते. जत्रा म्हणून मांडला तर सगळं कसं चोख जमतं.

आधी नकाशाची साक्ष काढू. महाराष्ट्रात किल्ले तीनशेच्या वर आहेत, आणि त्यातले कितीतरी पुण्या-मुंबईहून सकाळी निघून रात्रीपर्यंत परतण्याजोगे आहेत. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत सिंहगड नाही. यादी वाचून एखादा परदेशी पाहुणा साल्हेरला किंवा सुवर्णदुर्गाला जाईल. पुण्यातलं कुटुंब मात्र रविवारी सिंहगडावरच जाणार, वरचं पार्किंग भरलं म्हणून घाटात अर्ध्या वाटेवर थांबणार आणि "आता आलोच आहोत तर" असं म्हणत तासभर पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचणार. सिंहगडाच्या थोरवीबद्दल दुमत नाही. पण १६७० साली तानाजी मालुसरे कडा चढून गेले ते रात्रीच्या अंधारात, कोणी बघू नये म्हणून. आपण जातो ते सकाळी अकराला, सगळं पुणे बघत असताना. ओस जागी गेलेल्या कुटुंबाचं वागणंही तपासावं. एखाद्या आडबाजूच्या तळ्यापाशी गाडी थांबते, पण इंजिन बंद होत नाही. "इथे कोणीच कसं नाही?" आई विचारते. "बंद असेल," मुलगा म्हणतो. तळं कसं बंद असेल हे कोणी विचारत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तीच शंका असते. आजी म्हणते, "काहीतरी झालं असेल बाई इथे." आणि गाडी वळते. दोन डोंगर ओलांडून भज्यांचा वास आणि हॉर्नचे आवाज आले, की सगळ्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरतो.

जत्रा म्हटली की तिथी आली. कुठल्या महिन्यात कुठे जायचं, हे कोणी ठरवून दिलेलं नाही; तरी कॅलेंडरच्या मागच्या पानावर छापल्यासारखं ते घराघरांत पाठ असतं. जूनमध्ये पहिला दणका झाला की येणारा रविवार भुशी धरणाचा. जुलैत माळशेज आणि ताम्हिणी. सप्टेंबरात कास. दिवाळीचा फराळ संपला की कोकणचा किनारा. थंडी पडली की रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी आणि देशावर हुरडा, मग स्ट्रॉबेरी, आणि मे महिन्यात महाबळेश्वर-माथेरान. यावर एक आक्षेप रास्त आहे: फुलं सप्टेंबरात फुलतात आणि शाळांना सुट्टी मेमध्ये असते, त्यात कुटुंबाचा काय दोष? मान्य. पण सुट्टी फार तर आठवडा ठरवते. जागा ठरवत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या मळ्यांत स्ट्रॉबेरीचा बहर थंडीत असतो, मे महिन्यात तो जवळजवळ आटोपलेला असतो. तरी मेमध्ये गेलेलं कुटुंब स्ट्रॉबेरी क्रीमसाठी रांगेत उभं राहतंच. उत्सवमूर्ती गावाला गेली आहे, पण जत्रा भरली आहे. हुरड्याचंही तसंच झालं. ज्वारीचं कणीस ऐन दुधात असतं ते मोजके दिवस. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि शेंगदाण्याची चटणी किंवा गुळाचा खडा घेऊन ते हिरवे दाणे तोंडात टाकायचे, हे काम शेताच्या बांधावर चार माणसांत चालायचं. आता त्याला माणशी दर आहे, 'अनलिमिटेड' अशी पाटी आहे, बैलगाडीची एक फेरी आहे आणि बैलांच्या चेहऱ्यावर शहरातल्या बसचालकासारखा भाव आहे. मोठी माणसं "अहाहा, काय चव!" म्हणत हात भाजून घेतात, मुलं वेफर्स खातात, आणि शेजारच्या चटईवर आपल्याच सोसायटीतले लोक भेटले की दिवस सार्थकी लागतो.

आता प्रस्थान. "पहाटे साडेपाचला निघायचं, म्हणजे गर्दी लागणार नाही," हा ठराव शनिवारी रात्री घरात एकमताने मंजूर होतो. हाच ठराव त्याच रात्री हजारो घरांत मंजूर होतो, आणि रविवारी सकाळी हजारो घरांत सारख्याच कारणांनी मोडतो. पाण्याचा पंप, आजोबांचं पोट, मोठीचे केस, दूधवाल्याला द्यायचा निरोप, गॅस बंद केला का ते बघायला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर जाणं. गाडी सव्वाआठला हलते. एखाद-दुसरं कुटुंब खरंच साडेपाचला निघतं, नाही असं नाही, पण ते पोचतं तेव्हा भज्यांची कढईसुद्धा तापलेली नसते, म्हणून गाडीतच झोपून बाकीच्यांची वाट बघतं. डिकीतलं सामान हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले धपाटे, दह्याचा घट्ट झाकणाचा डबा जो कधीच घट्ट नसतो, सतरंजी, छत्र्या, ओल्या कपड्यांसाठी रिकाम्या पिशव्या, घाटासाठी आवळासुपारी आणि आलेपाक, आणि थर्मासमध्ये चहा, जरी वाटेत दर दोनशे पावलांवर चहाची टपरी असली तरी. इतकी शिदोरी असताना पहिल्या तासाभरातच फूड मॉलला गाडी वळते, ती भुकेपायी वळते असं मानणं भोळेपणाचं होईल. कोण कोण निघालंय हे पाहायला ती वळते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला तो दोन शहरांतलं अंतर दोन तासांवर आणण्यासाठी. सलग सुट्ट्यांच्या शनिवारी बोरघाटात तो वाहनतळाचं काम करतो. गाड्यांतून माणसं उतरतात, पाय मोकळे करतात, एकमेकांना "पुढे काय झालंय?" विचारतात, लहान मुलं कठड्याकडे नेली जातात. जत्रेत वाटेवरचा मुक्काम असतोच.

माझ्या पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र जुलै महिन्यात लोणावळ्याच्या वर टायगर पॉइंटला मिळतो. इथे येण्याचं घोषित कारण म्हणजे समोरची खोल दरी आणि तिच्यात कोसळणारे धबधबे. जुलैत त्या दरीत काठोकाठ ढग भरलेले असतात. चार हातांवरचा कठडा दिसत नाही. समोर धुतलेल्या पांढऱ्या चादरीसारखं एकसारखं काहीतरी, वरून पाऊस, खालून वारा, आणि त्या पांढऱ्याकडे तोंड करून शेकडो माणसं उभी. उलट्या झालेल्या छत्रीशी एक काका झगडताहेत. कोणीतरी हात लांब करून सांगतं, "तिथे, बरोबर तिथे, खाली धरण आहे." सगळे त्या बोटाकडे बघतात आणि माना डोलावतात. मग पांढऱ्याकडे पाठ करून फोटो काढले जातात. त्यात माणसं दिसतात आणि मागे काहीच दिसत नाही, तो फोटो गच्चीवर ओला पडदा धरूनही निघाला असता. त्यानंतर निखाऱ्यावरचं कणीस, त्याला लिंबू-तिखट-मीठ चोळून, दहा मिनिटांत संपवून मंडळी तृप्त होऊन परततात. देखावा हा जर हेतू असता, तर त्या माणसांनी चिडायला हवं होतं, धुकं विरेपर्यंत थांबायला हवं होतं, निदान पुन्हा ऑक्टोबरात यायला हवं होतं. यातलं काहीच होत नाही, कारण तिथे दर्शन घ्यायचं असतं, आणि गाभाऱ्यात अंधार होता म्हणून दर्शन झालं नाही असं कोणी म्हणत नाही. महाबळेश्वरचे पॉइंटही याच रीतीने उरकतात: विल्सन, केट्स, लॉडविक, एलफिन्स्टन, आर्थर सीट. टॅक्सीवाल्याकडे पॉइंटांची यादी असते, तो म्हणतो "दहा मिनिटं", आणि दहा मिनिटांत सह्याद्री आटोपतो. माथेरानला तर असे पॉइंट तिसाहून जास्त आहेत. तिथे घोड्यावर बसलेल्या कुटुंबाला चौथ्या पॉइंटनंतर दरी कुठली आणि घोडा कुठला एवढंच कळत राहतं, पण "सगळे झाले ना?" या प्रश्नाला "दोन राहिले" असं उत्तर आलं, तर दिवसभर हुरहूर लागते.

"अहो, हे सगळं खाण्यासाठी असतं," असा आक्षेप आता तयार असेल. तो वजनदार आहे. सिंहगड म्हणजे पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. लोणावळा म्हणजे चिक्की. कोकण म्हणजे मासे, आणि मासे न खाणाऱ्यांना उकडीचे मोदक. पण हा आक्षेप अर्ध्या वाटेवर दमतो. पिठलं-भाकरी हे ज्या घरात मंगळवारी रात्री केलं तर "आज काय, भाजी नव्हती का?" अशी विचारणा होते, त्याच घरातली माणसं रविवारी ओल्या चटईवर मांडी घालून, माश्या हाकलत, त्याच पिठल्यासाठी पाऊण तास थांबतात आणि वर "घरी अशी चव येत नाही" असं जिने आयुष्यभर पिठलं केलं तिच्याच तोंडावर सांगतात. चिक्की पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, मुंबईतही मिळते. लोणावळ्याहून आणलेली चिक्की घरी कोणी आवडीने खातं असंही नाही. ती शेजारी, कामवाल्या मावशी, वॉचमन आणि कचेरी अशी वाटली जाते, आणि उरलेलं पाकीट फ्रिजच्या वर मऊ पडतं. जी वस्तू खाण्यापेक्षा वाटण्यासाठी आणली जाते, जिच्यासाठी चव हा मुद्दा नसून कुठून आणली हा मुद्दा असतो, तिला प्रसाद म्हणतात. तो आपल्या घराच्या कोपऱ्यावर घेता येत नाही. ओळखीचा कोणी लोणावळ्याला न जाता चिक्कीचं पाकीट घेऊन आला, तर माणसं ते घेतील, पण कपाळाला लावणार नाहीत.

कास पठाराकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण तिथे जत्रा आणि निसर्ग यांची गाठ खरोखर पडते. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचा हा जांभ्या खडकाचा सडा २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आला. खडकावर मातीचा थर बोटभर. त्यात पाऊस ओसरता ओसरता तेरडा, गेंद, सीतेची आसवं अशी फुलं उमलतात, कीटक खाणारी दवबिंदू नावाची वनस्पती सापडते, आणि टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. यातली बरीचशी फुलं करंगळीच्या नखाएवढी असतात. वर्तमानपत्रात छापून आलेले फोटो छायाचित्रकारांनी पालथं पडून काढलेले असतात. कुटुंब येतं ते उभ्याने. त्यामुळे पहिल्या कुंपणापाशी जी शांतता पसरते ती भक्तीची नसते. "एवढीशीच?" धाकटा विचारतो. वडील बुकिंगचे पैसे आठवून म्हणतात, "पुढे मोठी असतील." पुढेही तेवढीच असतात. ती पाहायची तर गुडघे टेकायला हवेत, आणि सीतेच्या आसवांपुढे गुडघे टेकले तर निळ्या थेंबाला खरोखरच पापणीसारखी पाकळी दिसते. पण वर्षभर चटईवर बसलेल्या गुडघ्यांना खडक झेपत नाही. इथे आजूबाजूच्या गावांची समिती वनखात्याबरोबर व्यवस्था बघते, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातलेली आहे. या मर्यादेचा परिणाम काय व्हावा? गर्दी नको असलेल्यांनी आनंदाने मधल्या वारी नोंदणी करावी. होतं असं, की शनिवार-रविवार भरले असं कळताच त्या शनिवार-रविवारची ओढ दुप्पट होते, आणि बुधवारी पठार मोकळं आहे असं सांगितलं तर माणूस संशयाने विचारतो, "बुधवारी फुलं असतात ना पण?"

गर्दी जर इतकी हवीहवीशी, तर तिच्या नावाने एवढी बोटं का मोडतात, हा प्रश्न तर्काला धरून आहे. त्याचं उत्तर कुठल्याही लग्नाच्या पंगतीत मिळेल. "फार माणसं बोलावली हो," हे ज्या यजमानाने उच्चारलं नाही, त्याचं लग्न पडलं असं समजावं. तक्रार हा आपल्याकडे उपस्थितीचा दाखला असतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की गर्दी हा शब्द आपण नेहमी इतरांसाठी वापरतो. घाटात अडकलेल्या प्रत्येक गाडीतल्या पाचही जणांचं ठाम मत असतं, की बाकीच्यांना आजच यायची काय गरज होती.

"हे झालं हौशी लोकांचं, खऱ्या डोंगरवेड्यांचं तसं नसतं," असं डोंगरवेडे म्हणतील. महाराष्ट्रात गिरिभ्रमणाची परंपरा मोठी आहे, आणि आडवाटा, घाटवाटा धुंडाळणारे अभ्यासू लोक आहेत, त्यांना मी हात जोडतो. पण कळसूबाई पाहा. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, अवघड जागी लोखंडी शिड्या लावलेल्या. सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांपाशी जी रांग लागते ती पाहून शिधावाटप दुकानाची आठवण व्हावी. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर समोरासमोर आले की दोन्हीकडून "आधी तुम्ही" हा लखनवी प्रकार न होता मराठी प्रकार होतो. नाशिकजवळच्या हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या शत्रूला एकेक करून वर यावं लागेल अशा बेताने खोदल्या आहेत. तो बेत आजही यशस्वी आहे. रांग लागण्याचं कारण एवढंच, की त्या पायऱ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि तोच फोटो आपलाही हवा असतो. आणि जो खरोखर कोणी न पाहिलेली जागा शोधून काढतो, तो ती पाहून स्वस्थ बसतो का? तो व्हिडिओ टाकतो, खाली लिहितो "गर्दीपासून दूर, स्वर्ग", वर जायचा रस्ता सांगतो. पुढच्या पावसाळ्यात स्वर्गात पार्किंगचे पन्नास रुपये.

काजव्यांपाशी मात्र हा सगळा मामला विपरीत वळण घेतो. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकतात. हे लुकलुकणं म्हणजे नराने मादीला केलेली खूण; ती दिसायची तर अंधार हवा. इतर जत्रांत गर्दीने देव झाकला जात नाही, इथे झाकला जातो. अंधार बघायला निघालेल्या गाड्यांचे हेडलाइट रात्रभर घाटात झगमगतात, प्रत्येक हातात मोबाइलची विजेरी असते, आणि झाडापाशी पोचल्यावर "दिवे बंद करा हो!" असं ओरडणाराही आपला दिवा चालू ठेवून ओरडतो, नाहीतर कोण ओरडतंय ते कळणार कसं? वनखात्याने निर्बंध घातले, गावकऱ्यांनी विनवण्या केल्या. तरी फोटोत काजवे येत नाहीत म्हणून फ्लॅश मारणारा निघतोच. हा एक दाखला माझ्याच म्हणण्याला अडचणीचा आहे, हे मी कबूल करतो: इथे लोक गर्दीसाठी येतात असं म्हणवत नाही, काजवे बघायची त्यांना खरी ओढ असते. पण तीच माणसं पंधरा दिवस आधी स्वतःच्या मामाच्या गावी, ओढ्याकाठच्या झाडावर काजवे दिसताहेत असं कळूनही गेलेली नसतात. ओढ खरी, पण ती एकट्याने भागत नाही.

"पूर्वी असं नव्हतं" असं म्हणणारे आजोबा प्रत्येक गाडीत मागच्या सीटवर असतात. पूर्वी असंच होतं. महाबळेश्वर साहेबाने वसवलं ते उन्हाळ्यापासून पळ काढायला, आणि पळून जाताना मुंबईचं आख्खं सरकार बरोबर नेलं. उन्हाळ्यात गव्हर्नर महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला. त्यांच्यामागे सेक्रेटरी, त्यांच्यामागे कारकून, मडमा, शिपाई, बेकरीवाले. मुंबईत ज्यांची तोंडं बघून कंटाळा आला तीच तोंडं वर क्लबात बघायची, आणि "या वर्षी फार लोक आले" असं घरी पत्रात लिहायचं. भुशी धरण तर सहलीसाठी बांधलेलंच नाही; एकोणिसाव्या शतकात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. इंजिनं तिथलं पाणी पीत असत. आज त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात काका-काकू रांगेने बसतात.

आता विनोद थोडा बाजूला ठेवतो. ३० जून २०२४ च्या रविवारी याच धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला आणि चार जण गेले. अशा घटनांनंतर दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी जमावबंदीचा आदेश काढतात. पूर्वी कलम १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आदेशासोबत बंदी असलेल्या धबधब्यांची तालुकावार यादी प्रसिद्ध होते, आणि ती यादी घराघरांत प्रवासवर्णनासारखी वाचली जाते: "अगं, हा धबधबा तर आपल्याला माहीतच नव्हता!" बंदीने हे सुटणार नाही, कारण बंदी घालणारे याला सहल समजतात आणि सहल म्हणजे चार माणसांची खाजगी चूक. जत्रा समजलं, तर काय करायचं ते आपल्याला शेकडो वर्षांपासून येतं. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली ती आजही टिकून आहे: दिंड्यांना क्रमांक, रथाच्या पुढच्या किती आणि मागच्या किती हे ठरलेलं, मुक्काम ठरलेले, पाण्याचे टँकर ठरलेले, आणि चोपदाराने दंड उंचावला की लाखोंचा समाज क्षणात निःशब्द. टायगर पॉइंटला हवालदार एकटा शिट्टी फुंकतो आणि त्याच्याकडे पाठ करून लोक सेल्फी काढतात.

म्हणून सूचना अशी, की सिंहगड, भुशी, ताम्हिणी, कास यांची रीतसर यात्रा म्हणून नोंद व्हावी. गावच्या यात्रेत असते तशी पंच कमिटी असावी, वर्गणीची पावती असावी, आणि सगळ्यात आधी बायकांसाठी पुरेशी, पाणी असलेली स्वच्छतागृहं असावीत. सध्या निम्म्या कुटुंबांची परतीची वेळ सूर्यास्त नाही, स्वच्छतागृहांचा अभावच ठरवतो. खोल पाण्याजवळ दोरखंड आणि पोहणारी गावातली पोरं, रोजंदारीवर. पाळणा आला तरी हरकत नाही, मुलं तेवढीच कड्यापासून दूर राहतील. हरवलेल्यांसाठी लाउडस्पीकर तर हवाच, फक्त घोषणा करणाऱ्याने एक काळजी घ्यावी. "मुलगा हरवला आहे, निळा रेनकोट" इथवर ठीक. पण "पांढऱ्या रंगाची गाडी रस्त्यात लावली आहे, मालकांनी ताबडतोब बाजूला घ्यावी" असं पुकारलं, तर निम्मी जत्रा भाकरी टाकून उठेल.